जीवनसत्त्वे, खनिजे आणि मनःस्थिती : ब्रिटनमधील मराठी कुटुंबांसाठी

ऑक्टोबर ते मार्चच्या आरंभापर्यंत ब्रिटनमधील सूर्यप्रकाशात त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार करता येत नाही. नेमक्या याच महिन्यांत अनेकांना उदासीनता आणि थकवा जाणवतो. मात्र प्रत्येक उदासीनतेचे मूळ आहारात नसते आणि आहारातील प्रत्येक उणीव गोळ्यांच्या दुकानात ओळखता येत नाही.

‘ड’ जीवनसत्त्व

सावळ्या त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होण्यास अधिक ऊन लागते. म्हणून दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करावा, असा येथील आरोग्यसेवेचा सल्ला आहे. हाडे व स्नायूंसाठी तो मोलाचा आहे. नैराश्याबाबत मात्र सावध राहावे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १८,३५३ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट घेऊनही नैराश्याचा धोका घटला नाही.

ब१२ आणि फॉलेट

मज्जातंतूंवरील आवरण टिकवण्यासाठी ब१२ आवश्यक असते. त्याच्या अभावी खिन्नता, चिडचिड, विस्मरण आणि हातापायांना मुंग्या येणे ही लक्षणे दिसू शकतात. शाकाहारात त्याचा आधार म्हणजे दूध, दही, पनीर. डाळी-भाज्यांतून ते मिळत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळेही त्याची पातळी घटू शकते. उणीव ब१२ची असताना केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहते. वेळीच उपचार न झाल्यास ही हानी कायमची ठरू शकते.

लोह

मेंदूत डोपामिन तयार होण्याच्या प्रक्रियेत लोह लागते. त्याच्या कमतरतेतील थकवा व निरुत्साह अनेकदा ‘आळस’ समजून दुर्लक्षिला जातो, विशेषतः मासिक पाळीत अधिक रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण कमी करतो. वरणावर पिळलेले लिंबू ते वाढवते.

काय करावे?

भारतातून आणलेली ६०,००० युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. दीर्घकाळ अतिसेवन झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंड व हृदयाला इजा होऊ शकते. लक्षणे जाणवल्यास आपल्या जीपीकडे रक्ततपासणीविषयी विचारणा करावी. तेव्हा आपला आहार आणि चालू औषधे अवश्य सांगावीत.

उणीव आढळल्यास ती भरून काढावी. ती नसेल, किंवा भरून निघाल्यावरही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, तर नैराश्यावरील उपचारांविषयी मोकळेपणाने बोलावे. नैराश्यावर चालू असलेले औषध जीवनसत्त्वाच्या भरवशावर बंद करू नये. जीव नकोसा वाटू लागल्यास भेटीच्या तारखेची वाट न पाहता १११ या क्रमांकावर तातडीने मदत मागावी.