रँग्लर घडविणाऱ्या सराव-परीक्षा

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांत 'रँग्लर' हा शब्द एखाद्या सरदारकीच्या किताबासारखा वावरत आला आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावामागे तो इतका घट्ट बसला की, ते त्यांचे पाळण्यातले नाव असावे असे वाटावे. मूळ अर्थ मात्र साधा आहे. रँग्लर म्हणजे वाद घालणारा. केंब्रिजमध्ये एके काळी गणिताच्या परीक्षेत तोंडी वाद होत. ते वाद गेले, त्यांच्या जागी लेखी प्रश्नपत्रिका आल्या, आणि प्रथम वर्गात येणाऱ्यांस नाव तेवढे चिकटून राहिले. हा किताब कसा मिळे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. परांजप्यांच्या यशाकडे आपण दैवी प्रतिभेचा प्रसाद म्हणून पाहिले. त्या यशामागे सराव-परीक्षेचे जे शास्त्र उभे होते, त्याविषयी येथे चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

ट्रायपॉस नावाच्या त्या परीक्षेचा आवाका आधी ध्यानी घ्यावा. १८५४ साली तीत ८ दिवसांत १६ प्रश्नपत्रिका होत्या, एकूण वेळ साडेचव्वेचाळीस तास आणि प्रश्न २११. हिशेब केला तर एका प्रश्नास तेरा मिनिटेही येत नाहीत. परीक्षा होई ती ऐन जानेवारीत, सेनेट हाउसच्या थंडगार दालनात. (१८८२ पासून ती उन्हाळ्याकडे सरकली.) १८४८ पासूनच्या नियमाप्रमाणे पहिल्या तीन दिवसांत प्राथमिक विषय असत आणि तेथे कलनास मज्जाव असे. ह्या तीन दिवसांतून जो पार पडे, त्यालाच पुढच्या पाच दिवसांच्या कठीण प्रश्नपत्रिकांचे दार उघडे. कलनाचे खरे रण ते.

हे कलनही केंब्रिजात परीक्षेच्याच वाटेने शिरले, ही गोष्ट आम्हांस मोठी बोधक वाटते. न्यूटनच्या अभिमानापायी इंग्लंडने त्याची टिंबांची लेखनपद्धती शंभर वर्षे धरून ठेवली होती. युरोपात लायब्निझची पद्धती वापरून गणित कितीतरी पुढे गेले. १८१२ साली चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आदी तरुणांनी 'ॲनालिटिकल सोसायटी' काढली आणि १८१६ साली लाक्रुआ ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या पुस्तकाचे भाषांतर छापले. तथापि खरा बदल घडला तो १८१७ साली. त्या वर्षी पीकॉक परीक्षक झाला आणि त्याने प्रश्नपत्रिकेतच नवी चिन्हे घातली. सहपरीक्षकाने जुनी चिन्हे सोडली नाहीत, तरी विद्यार्थ्यांनी ओळखायचे ते ओळखले. जे परीक्षेत येते ते शिकावे लागते! १८२० साली ह्याच तिघांनी कलनाच्या उदाहरणांचा संग्रह प्रसिद्ध केला. विद्वत्सभेतील भाषणांनी जे झाले नसते, ते एका प्रश्नपत्रिकेने आणि एका उदाहरणसंग्रहाने केले.

आता सरावाकडे वळू. महाविद्यालयांतील व्याख्याने ह्या परीक्षेस पुरी पडत नसत. म्हणून खासगी शिक्षकांचा एक वर्गच उदयास आला. विद्यापीठाचा त्यांना पगार नसे, विद्यार्थीच फी देत. आजच्या शिकवणी-वर्गांना नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, एकोणिसाव्या शतकातले केंब्रिजचे गणित अशाच वर्गांत शिकवले जाई. विल्यम हॉपकिन्स याच्या हाताखालून १८४९ पर्यंत १७ 'सीनियर रँग्लर', म्हणजे सर्वप्रथम आलेले विद्यार्थी, बाहेर पडले होते. त्याच्या पुढचा एडवर्ड राउथ. हा स्वतः १८५४ चा सीनियर रँग्लर, आणि त्या वर्षी त्याच्या खाली दुसरा आला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल. सुमारे तीस वर्षांत राउथने सहाशेहून अधिक विद्यार्थी तयार केले आणि त्यांतले पंचवीसहून अधिक पहिले आले.

राउथची रीत अशी. विद्यार्थ्यांचे लहान लहान गट पाडायचे, ठरल्या दिवशी तासभर शिकवायचे आणि दर आठवड्यास सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची. मागील ट्रायपॉसांतून उदाहरणे निवडून ती सिद्ध केलेली असे. कधी ती सवडीने सोडवायची, कधी घड्याळ लावून. मग राउथ ती तपासून गुण मांडी आणि स्वतःच्या हातची उत्तरे विद्यार्थ्यांच्या खोलीत ठेवी. कोण कोठे चुकला आणि कोणाच्या मागे पडला, हे सर्वांना दिसे. प्रश्नांची घडणही ठरलेली होती. आधी पुस्तकातला सिद्धांत मांडायचा, मग त्याच्या पाठीवर बसलेला एक छोटा प्रश्न सोडवायचा. सिद्धांत पाठ असून भागत नसे. तो हातात इतका मुरलेला हवा की, मांडून होताच उरलेली मिनिटे त्या छोट्या प्रश्नास मिळावीत. संकलनाचे कोणते रूप कोणत्या प्रतिस्थापनेने सुटेल, हे विचार करून शोधायला तेथे उसंत नव्हती, ते नजरेस दिसावे लागे. हे दिसणे सरावाने येते. आपल्याकडे रियाज म्हणतात तो याहून वेगळा नव्हे.

ह्या मापाने विद्वत्ता नेहमी बरोबर मोजली गेली असे मात्र नाही. १८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, दुसरा आला, आणि पहिला आलेला पार्किन्सन आज कोणाच्या लक्षात आहे? १८९० साली फिलिपा फॉसेट ह्या विद्यार्थिनीस सीनियर रँग्लरहून अधिक गुण मिळाले, पण स्त्री म्हणून तिचे नाव क्रमवारीत घेतले नाही. 'सीनियर रँग्लरच्या वर' एवढे जाहीर झाले. स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजला १९४८ साल उजाडावे लागले.

परांजपे ह्या आखाड्यात १८९६ साली उतरले ते रिकाम्या हातांनी नव्हे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा मुलगा फर्ग्युसन महाविद्यालयात शिकला, आणि तेथे गणित शिकवीत होते त्यांचेच आप्त धोंडो केशव कर्वे. त्याही आधी पुण्यात केरूनाना छत्र्यांनी गणिताचे अध्यापन गाजवले होते, आणि त्यांच्याही आधी बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धिगणित' लिहून कलन मराठीत आणले होते. कलनास मराठी नाव मिळाल्यावर बऱ्याच वर्षांनी आपला मुलगा केंब्रिजला गेला, हा क्रम विसरू नये. १८९९ साली परांजपे आणि बर्टविसल हे दोघे बरोबरीने सीनियर रँग्लर ठरले.

त्याच १८९६ साली जी. एच. हार्डी केंब्रिजात दाखल झाला होता. त्याला हा सरावाचा घाणा असह्य झाला. गणित सोडून इतिहासाकडे जावे असेही त्याच्या मनात आले. १८९८ साली तो चौथा आला. जॉर्डन ह्या फ्रेंच गणितज्ञाचे पुस्तक वाचल्यावर गणित म्हणजे काय ते प्रथम कळले, असे त्याने पुढे लिहिले. केंब्रिजचे विद्यार्थी संकलने सपाट्याने सोडवीत, परंतु सीमा, सातत्य ह्या कल्पनांचा पाया युरोपात किती खोल खणला गेला आहे, याची बहुतेकांना वार्ता नव्हती. हार्डीच्या १९०८ च्या पाठ्यपुस्तकाने ही उणीव भरून काढली. क्रमवारी बंद करण्याच्या चळवळीतही तो पुढे होता. १९०९ साली ती शेवटची जाहीर झाली.

आमच्या मते हार्डीचे म्हणणे खरे होते, आणि तरी राउथच्या खोलीचे ऋण त्याने कमी लेखले. परांजप्यांनी स्वतः त्या किताबाचे भांडवल केले नाही. ते परत आले आणि १९०२ पासून १९२४ पर्यंत फर्ग्युसनचे प्राचार्य राहून मुलांना शिकवत बसले. किताब मात्र क्रमवारी गेल्यावरही मराठीत टिकला. गणेश सखाराम महाजनी रँग्लर म्हणवले गेले. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर रँग्लर होऊन काशीस गेले आणि तेथील हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी गणित शिकवले. घरापासून दूर, गंगेकाठच्या त्या मराठी घरात वाढलेले जयंतरावही १९५९ साली रँग्लर झाले. तोवर केंब्रिजात पहिला कोण, हे जाहीर करण्याची पद्धत जाऊन पन्नास वर्षे झाली होती.