दूरदर्शी भिंग आणि वनचर

नागपूर शहराच्या आग्नेयेस सक्करदरा म्हणून एक जुनी वस्ती आहे. भोसल्यांच्या अमदानींत येथें राजघराण्याची बाग होती, तलाव होता. पुढें घराण्याचा वाडाहि येथेंच राहिला. याच सक्करदऱ्यावरून उमरेडचा रस्ता जातो आणि सुमारें ६० किलोमीटरांच्या अंतरावर उमरेड-कऱ्हांडल्याच्या अरण्याला जाऊन मिळतो. हिंवाळ्यांत पहाटे, तलावावरचें धुकें विरण्यापूर्वींच, या रस्त्यानें मोटारी धांवूं लागतात. त्यांत बसलेल्या मंडळींजवळ बंदुका नसतात. कित्येकांच्या मांडीवर हातभर लांबीचें, तोफेच्या नळीसारखें दिसणारें एक भिंग असतें. रानांतील वाघ, सांबर किंवा गरुड यांचें रूप दुरून टिपणारें हें भिंग बंदुकीच्या जागीं कसें आलें, आणि तें आल्यानें वनचरांचें भय खरोखर किती उणें झालें, हा इतिहास मनोरंजक आहे. तितकाच तो विचार करावयास लावणाराहि आहे.

१८६१ सालीं मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली. त्या काळीं सातपुड्याच्या अरण्यांत फिरणारा गोरा अंमलदार एका हातांत सरकारी कागद व दुसऱ्या हातांत बंदूक घेऊनच फिरे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. ए. ए. डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याचें ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ हें पुस्तक १९२३ सालचें आहे. या ग्रंथकारांची दृष्टि सूक्ष्म होती, अरण्यावर त्यांचें प्रेमहि होतें. परंतु त्या युगांतील निरीक्षणाचा शेवट बहुधा गोळीनें होई. प्राणी नीट पाहावयाचा तर तो आधीं मारावयाचा, मग त्याचें कातडें व शिंगें मोजावयाचीं, अशी रीत होती. यांत क्रौर्याचा भाग होता, तसा निरुपायाचाहि होता. जिवंत वनचर माणसाला जवळ येऊं देत नाहीं, आणि दुरून त्याचें रूप कागदावर उतरविण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें.

कॅमेरा मात्र आपल्याकडे फार लौकर आला होता. १८५४ सालींच मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं एक होत. पण त्या वेळची रीत ओल्या कांचेची होती. कांचेवर रसायन चढवावयाचें, तें ओलें असतांच चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत धुवावयाचें, असा तो खटाटोप. देवळें, किल्ले आणि खुर्चींत ताठ बसलेले सरदार यांचीं चित्रें त्या रीतीनें उत्तम निघत. कारण तीं सारीं जागचीं हालत नसत. हरिणाला एवढा धीर कोठून असणार ?

१८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें कोरड्या कांचेची रीत शोधून काढली. पुढें तिच्यांत सुधारणा होत गेली आणि क्षणाच्या अंशांत चित्र घेतां येऊं लागलें. १८७८ सालीं एडवर्ड मायब्रिज यानें अमेरिकेंत धांवत्या घोड्याच्या पावलांचीं क्रमवार चित्रें घेतलीं. १८८२ सालीं एतियेन ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें तर एक ‘छायाचित्राची बंदूक’च बनविली. ती खांद्याला लावून उडत्या पक्ष्यावर रोखावयाची आणि चाप ओढावयाचा. एका सेकंदांत बारा चित्रें निघत. आकार बंदुकीचा, नेम बंदुकीचा, चापहि बंदुकीचाच. फक्त पक्षी मरत नसे. कॅमेरा आणि बंदूक यांचें जें विलक्षण नातें पुढें जुळलें, त्याची ही नांदीच होय.

वेगाचा प्रश्न असा सुटला. अंतराचा राहिला होता. तो १८९१ सालीं सुटला. लंडनचे थॉमस डालमायर, तसेच जर्मनींतील स्टाइनहाइल व आडोल्फ मीठे यांनीं एकाच वर्षीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, टेलिफोटो भिंगाची रचना सिद्ध केली. त्याला आपण दूरदर्शी भिंग म्हणूं. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागें ज्या अंतरावर स्पष्ट पडते, त्याला त्या भिंगाचें नाभीय अंतर म्हणतात. हें अंतर जितकें मोठें, तितकी प्रतिमा मोठी. पण साध्या भिंगाचें नाभीय अंतर वाढविलें कीं नळीहि तितकीच लांबते आणि ती रानांत वागवितां येत नाहीं. नव्या रचनेंत पुढें बाह्यगोल भिंगांचा गट आणि मागें अंतर्गोल भिंगांचा गट बसविला. त्यामुळें आखूड नळींत लांब भिंगाचें काम होऊं लागलें.

याचा हिशेब सक्करदऱ्याच्या तलावाकाठीं सहज करतां येईल. तलावाच्या कांठच्या फांदीवर खंड्या बसला आहे. त्याची लांबी सुमारें १७ सेंटिमीटर. वीस मीटरांवरून ५० मिलिमीटरांच्या नेहमीच्या भिंगानें त्याचें चित्र घेतलें, तर फिल्मवर त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान पडेल. तो पक्षी आहे कीं डाग, हें सांगणें कठीण. ५०० मिलिमीटरांचें भिंग लावलें तर तीच प्रतिमा चार मिलिमीटरांहून कांहींशी मोठी होते. चोंच, डोळा, पिसांचा निळा रंग, सर्व ओळखूं येतें. खंड्या जागचा हालला नाहीं, माणूसहि हालला नाहीं.

मात्र या सिद्धीची किंमत द्यावी लागते. प्रतिमा दहापट मोठी होते, तसा हाताचा कंपहि दहापट मोठा होतो. म्हणून ५०० मिलिमीटरांचें भिंग हातांत धरून चित्र घ्यावयाचें तर पडदा एका सेकंदाच्या पांचशेंव्या भागाहून अधिक काळ उघडा ठेवूं नये, असा नेम आहे. भिंगाचें तोंड तेवढेंच रुंद ठेवलें तर तोच प्रकाश शंभरपट जागेवर पसरतो आणि चित्र अंधुक होतें. तोंड रुंद करावें तर भिंग जड आणि महाग होतें. शिवाय स्पष्टतेची पट्टी इतकी अरुंद होते कीं डोळा साधला तर शेपूट पुसट व्हावें. सारांश, भिंग लांब झाल्यानें माणसाचें काम सोपें झालें नाहीं. पूर्वीं शिकाऱ्याला जेवढा धीर लागे, त्याहून अधिक धीर आतां लागूं लागला.

त्या धीराचीं उदाहरणें मोठीं मजेदार आहेत. इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं घरट्यांतील अंड्यांचें चित्र घेऊन आपल्या कार्यास आरंभ केला. पक्षी बुजूं नयेत म्हणून त्यांनीं बैलाचें कातडें आंतून पोकळ ठेवून उभें केलें आणि त्यांत शिरून तासन्‌तास चित्रें घेतलीं. कार्ल शिलिंग्ज हा जर्मन गृहस्थ पूर्व आफ्रिकेंत मोठमोठे कॅमेरे व कांचा हमालांच्या डोक्यावर घेऊन फिरला. त्यानें दिवसा दूरदर्शी भिंग व रात्रीं झगझगत्या चूर्णाचा उजेड वापरून वनचरांचीं चित्रें घेतलीं आणि १९०५ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. हिंदुस्थानांत एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यानें निराळाच मार्ग धरला. वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधावयाची. पाय लागतांच उजेड पडावा आणि वाघानें आपलें चित्र आपणच घ्यावें. १९२७ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या पुस्तकानें वाघ जिवंतपणींहि किती सुंदर दिसतो, हें जगाला दाखविलें.

महाराष्ट्रांतहि भिंगानें निसर्ग वाचण्याचा एक प्रयोग याच सुमारास झाला. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींतल्या वाटाण्याचें चित्रण केलें. कॅमेरा एका जागीं ठेवून ते रोज थोडें थोडें चित्र घेत गेले. तें पडद्यावर दाखवितांच बीजांतून वेल वर येतांना प्रेक्षकांनीं डोळ्यांनीं पाहिला. दूरदर्शी भिंग अंतर जिंकतें. फाळक्यांनीं काळ जिंकला. दोहोंतील गुण एकच : ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याला न छेडतां, त्याच्या गतीनें वाट पाहणें.

पुढें लहान फिल्मचे हलके कॅमेरे आले आणि भिंगांतून दिसणारें दृश्यच आरशानें डोळ्यापर्यंत आणणाऱ्या रचनेमुळें लांब भिंगाचा नेम साधणें सुकर झालें. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्याबरोबर सिंगापूरचे उद्योगपति लोक वान थो यांनीं भारतांत हिंडून पक्ष्यांचीं अप्रतिम चित्रें घेतलीं. मद्रासचे एम. कृष्णन यांनीं निरनिराळे भाग जोडून स्वतःच एक अवजड कॅमेरा सिद्ध केला आणि त्याला गमतीनें ‘सुपर पाँडेरोसा’ असें नांव दिलें. साधन ओबडधोबड, पण त्यांनीं टिपलेले हत्ती आजहि जिवंत वाटतात.

या अवधींत कायदाहि बदलत होता. १९३५ सालीं ताडोबाच्या अरण्यांत शिकारीस बंदी झाली. १९५५ सालीं, नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्यप्रदेशांत, तें राष्ट्रीय उद्यान झालें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्यांत पहिल्या नऊ अरण्यांत विदर्भांतील मेळघाट होतें. बंदूक भिंतीवर टांगली गेली आणि तिची जागा कॅमेऱ्यानें घेतली. चित्रें विज्ञानाच्याहि कामीं आलीं. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे ज्याचे त्याचे असतात. २०१८ सालच्या व्याघ्रगणनेंत देशांत २६,८३८ ठिकाणीं आपोआप चालणारे कॅमेरे लावले होते. त्यांनीं घेतलेल्या सुमारें ३ कोटि ४८ लाख चित्रांपैकीं ७६,६५१ चित्रें वाघांचीं होतीं. त्यांतून एकेक वाघ निराळा ओळखला गेला. एकहि गोळी न झाडतां वाघांची मोजदाद व्हावी, हें फॉर्सिथच्या काळीं स्वप्नांतहि आलें नसतें.

एवढ्यावर ही कथा संपती तर बरें झालें असतें. पण दूरदर्शी भिंगाच्या अंगीं एक मोह आहे. तें अंतर लपवितें. वाघाच्या मागें पन्नास पावलांवर उभी असलेली मोटार चित्रांत त्याच्या शेपटीला टेकल्यासारखी दिसते. चित्र घेणारा शंभर मीटर दूर असतो. पाहणाराला मात्र वाघ हाताच्या अंतरावर भासतो. अशीं हजारों चित्रें घरोघर पोंचलीं आणि वाघ असाच जवळून पाहावयाचा असतो, अशी समजूत रूढ झाली. मग ज्याच्या खिशांत केवळ मोबाईल आहे, ज्याचें भिंग तांदळाच्या दाण्याएवढें आहे, त्यालाहि तसलेंच चित्र हवें होतें. भिंग लांब नाहीं, तेव्हां मोटार पुढें घालावयाची, एवढाच उपाय त्याला सुचतो.

३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यांत हेंच घडलें. हें अभयारण्य २०१२ सालीं घोषित झालें. तेथील ‘एफ-२’ या नांवानें ओळखली जाणारी वाघीण आपल्या पांच पिलांसह रस्त्यावरून चालली असतां पर्यटकांच्या मोटारींनीं तिची वाट दोन्ही बाजूंनीं अडविली. आईला पुढें जागा नाहीं, मागें जागा नाहीं. त्या प्रसंगाचीं चित्रें सर्वत्र पसरलीं, तेव्हां लोकांना संताप आला. वन खात्यानें मोटारचालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई केली. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें या प्रकाराची आपण होऊन दखल घेतली.

जुन्या शिकारींत हाका घालीत. ढोल वाजवीत माणसें चहूंकडून येत आणि वाघाला मचाणाकडे रेटीत. हाक्यांत सांपडलेल्या वाघाला सुटावयास वाट नसे. उमरेडच्या त्या रस्त्यावर ढोल नव्हते, बंदूक नव्हती. तरी वाट अडविलेल्या वाघिणीला तो हाकाच होता. हातांतलें शस्त्र बदललें म्हणून वृत्ति बदलतेच असें नाहीं.

डालमायर व मीठे यांनीं भिंग लांब केलें, तें माणसाला दूर राहतां यावें म्हणून. कीर्टन बंधु बैलाच्या कातड्यांत घुसमटले, चँपियन यांनीं चापच वाघाच्या पायांशीं ठेवला, कृष्णन यांनीं जड कॅमेरा खांद्यावर वाहिला. या सर्वांनीं प्राण्याच्या वाटेंतून बाजूला होण्यासाठीं कष्ट घेतले. त्यांच्या उत्तम चित्रांत प्राणी निःशंक आहे, कारण आपल्याकडे कोणी पाहत आहे, याची त्याला वार्ताहि नाहीं. भिंगाचें मोल त्या निःशंकतेंत आहे. तें ओळखलें नाहीं, तर कितीहि लांब भिंग घेतलें तरी तें फुकट.

सक्करदऱ्यावरून पहाटे निघणाऱ्या मोटारींना ही गोष्ट ठाऊक असणें अगत्याचें आहे. वाघीण पिलांसह रस्त्यावर आली, तर मोटार थांबवावी, मागें घ्यावी, तिला वाट द्यावी. एखादें चित्र हुकेल. पण पांच पिलें आईच्या मागोमाग झुडुपांत निर्धास्त शिरतील. आणि पुढच्या हिंवाळ्यांत, दुरून का होईना, पुन्हा दिसतील.