जैवअभियांत्रिकीतील पूर्ववेध

सजीवांच्या जनुकांत हेतुपुरस्सर बदल करणाऱ्या तंत्रांपासून कोणते लाभ मिळू शकतील आणि कोणते अपाय संभवतात, याचा ती तंत्रे रुळण्याआधीच घेतलेला पद्धतशीर अंदाज. अमुक साली अमुक घडेल असे भाकीत येथे अभिप्रेत नसते. कशावर आतापासून नजर ठेवायची, एवढेच ठरवायचे असते.

प्रचलित रीत डेल्फी पद्धतीवर आधारलेली आहे. ही पद्धत अमेरिकेतील रँड संस्थेत १९५०च्या दशकात विकसित झाली. तज्ज्ञ आपापले मुद्दे पाठवतात, त्यांना निनावी गुण देतात, एकत्र बसून चर्चा करतात आणि पुन्हा निनावी गुण देतात. बैठकीतील ज्येष्ठाच्या मताकडे बाकीचे झुकू नयेत म्हणून हा निनावीपणा. जैवअभियांत्रिकीतील २० उदयोन्मुख प्रश्नांची अशी एक यादी २०१७ साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, दुसरी २०२०मध्ये.

या विषयाचा आरंभ मात्र सहसा असिलोमार परिषदेपासून धरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल बर्ग यांनी १९७२मध्ये एसव्ही४० या विषाणूचा डीएनए दुसऱ्या एका विषाणूच्या डीएनएला जोडला. तो ई. कोलाय जीवाणूत घालण्याचा पुढचा बेत होता. पण एसव्ही४०मुळे हॅमस्टरमध्ये गाठी होतात आणि ई. कोलाय माणसाच्या आतड्यात राहतो. सहकाऱ्यांनी शंका काढली आणि बर्ग थांबले. जुलै १९७४मध्ये त्यांनी इतर शास्त्रज्ञांसह पत्र काढून असे काही प्रयोग सर्वांनीच स्थगित ठेवावेत, असे आवाहन केले. फेब्रुवारी १९७५मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० जण जमले. जेवढा धोका तेवढा बंदोबस्त, हे सूत्र तेथे ठरले. भिंती-दारांवर विसंबण्यापेक्षा जीवाणूच असा दुबळा करावा की तो प्रयोगशाळेबाहेर जगू नये, ही सिडनी ब्रेनर यांनी पुढे रेटलेली कल्पना. रॉय कर्टिस यांनी तसा वाण घडवलाही. विशिष्ट रसायन बाहेरून पुरवल्याशिवाय तो वाढत नसे आणि पित्तक्षारांत मरून जाई.

अमेरिकेने १९७६ साली नियम केले. भीती वाटली होती तसे काही घडले नाही, म्हणून पुढे ते सैल झाले. जीवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्शुलिनला १९८२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एवढ्यावरून परिषदेला पूर्ण यशस्वी म्हणणे घाईचे ठरेल. जैविक अस्त्रे आणि माणसाच्या जनुकांतील बदल हे दोन्ही विषय चर्चेबाहेर ठेवले होते. जैविक अस्त्रबंदीचा करार पुढच्याच महिन्यात, मार्च १९७५मध्ये, अमलात आला. त्यावर सही केलेल्या सोव्हिएत संघाने मात्र रोगजंतूंच्या जनुकांत बदल करण्याचे काम गुप्तपणे चालूच ठेवले.

संधींचे अंदाजही चुकतात. मलेरियावरील आर्टेमिसिनिनचा पूर्वपदार्थ यीस्टकडून बनवून घेण्याची जे कीसलिंग यांच्या गटाची किमया खूप गाजली. सानोफी कंपनीने २०१३ साली त्यावरून उत्पादनही सुरू केले. पण वनस्पतीपासून मिळणाऱ्या आर्टेमिसिनिनचे भाव उतरले आणि काही वर्षांत कारखाना विकावा लागला. विज्ञान बरोबर होते. बाजाराचा हिशेब कोणी केला नव्हता.

धोका अचूक ओळखूनही तो टळत नाही, याचा दाखला महाराष्ट्रात आहे. जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सँटोच्या भागीदारीत आणलेल्या बीटी कापसाला २००२मध्ये मंजुरी मिळाली. हा कापूस बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करतो. बोंडअळी या विषाला कधीतरी सरावणार, हे तेव्हाच माहीत होते. म्हणून बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची वेगळी पुडी दिली जाई. ती शेताच्या कडेने लावायची. त्या ओळींवर पोसलेले साध्या अळीचे पतंग सरावलेल्या पतंगांशी जुगतात आणि प्रतिकार पुढच्या पिढीत फारसा उतरत नाही. पण त्या ओळी म्हणजे अळीला आपल्या शेतात घातलेले जेवण. नुकसान एका शेतकऱ्याचे, फायदा साऱ्या शिवाराचा. बहुतेक पुड्या बांधावरच राहिल्या. त्यात हंगाम संपल्यावरही पाणी देऊन पीक उभे ठेवण्याची, म्हणजे फरदड घेण्याची, सवय; त्यामुळे गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत राहिले.

जुन्या वाणावरचा प्रतिकार गुजरातेत २०१०पर्यंत दिसून आला होता आणि २००६मध्ये आलेला दोन जनुकांचा वाणही पुढे निष्प्रभ झाला. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात शेतोशेती डोमकळ्या दिसू लागल्या: पाकळ्या न उमलता गुलाबासारख्या मिटून राहिलेली फुले, आत अळी. वरून धडधाकट दिसणारी बोंडे फोडली तर आतला कापूस किडका, पिवळा निघे. हीच अळी अमेरिकेतून मात्र हद्दपार झाल्याचे २०१८मध्ये जाहीर झाले. ॲरिझोनात आधी नॉन-बीटी ओळी कटाक्षाने पाळल्या गेल्या आणि २००६पासून वांझ केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडले गेले. वांझ पतंगांच्या कामाचा बोजा एकेकट्या शेतकऱ्यावर नव्हता, ही यातली महत्त्वाची बाब. पूर्ववेधाच्या याद्यांत धोक्याचे वर्णन तपशिलाने असते. खबरदारीचा खर्च कोणी सोसायचा, हा रकाना बहुधा कोराच असतो.

अलीकडचे ठळक उदाहरण आरसा-जीवाणूंचे. सजीवांचे रेणू उजव्या-डाव्या हातांसारखे एका बाजूचे असतात. सगळे रेणू उलट्या बाजूचे असलेला जीवाणू घडवला, तर शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्याला बहुधा ओळखू शकणार नाही आणि निसर्गातील भक्षकांनाही तो पचणार नाही, असा इशारा ३८ शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये दिला. त्यांतील काही जण स्वतःच या दिशेने काम करीत होते. असा जीवाणू आज कोणालाही बनवता येत नाही. त्याला किमान दहा वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज आहे. सुटे आरसा-रेणू शरीरात लवकर विघटित होत नाहीत, म्हणून औषधांसाठी उपयोगी आहेत. त्यांवरील संशोधन चालू ठेवावे आणि मनाई फक्त अखंड पेशी घडवण्याला असावी, अशी या शास्त्रज्ञांची शिफारस आहे.