घर क्रमांक आणि कोलाचे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चेक खेड्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस कागदोपत्री एका घर क्रमांकाशी जोडलेला सापडतो. हाब्सबुर्ग राजवटीने १७७० च्या सुमारास, मुख्यतः सैन्यभरतीच्या सोयीसाठी, बोहेमिया आणि मोराव्हियातल्या घरांना क्रमांक दिले. १७८४ मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने चर्चमधल्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्यांना सरकारी दस्तऐवजाचा दर्जा दिला आणि गावागणिक वेगळी नोंद ठेवायला लावली. रकानेही ठरवून दिले. बाळाच्या नोंदीत घर क्रमांक, धर्म, आईबाप आणि धर्मपालक यांची नावे असत. 'मात्रिकी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वह्या चेक कुळशोधाचा कणा आहेत.

घर क्रमांकाचे मोल कळायचे तर एक जुनी चाल लक्षात घ्यावी लागते. अठराव्या शतकापर्यंत ग्रामीण भागात पुरुष लग्न करून बायकोच्या घरी राहायला गेला, किंवा त्याने दुसऱ्याचे घर घेतले, की पुष्कळदा त्या घराचेच नाव त्याला चिकटे. सख्ख्या भावांची आडनावे त्यामुळे वेगळी पडत. नुसत्या आडनावाचा माग काढणारा अशा ठिकाणी हमखास चुकतो. घर धरून चालणारा सहसा वाटेवर राहतो. वह्यांची भाषा कधी लॅटिन, कधी जर्मन, कधी चेक असते. जर्मन नोंदी कुरेंट या जुन्या वळणदार लिपीत असल्याने आजच्या जर्मन वाचकालाही ती लिपी शिकल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत.

याच खेड्यांत रोजचा पाव राय या धान्याच्या पिठाचा असे. पांढरे पीठ, लोणी आणि अंडी सणासाठी राखलेली असत. सणाचा मानाचा पदार्थ म्हणजे कोलाच. यीस्टने फुगवलेल्या मऊ, गोडसर कणकेचा हा गोल पाव असतो. वर खसखशीचे, आटवलेल्या आलुबुखाराचे किंवा चक्क्यासारख्या घट्ट 'त्वारोह'चे सारण आणि त्यावर लोणी, साखर, पीठ चोळून केलेला चुरा. खसखस दळून, दूध-साखरेत शिजवूनच वापरतात. लग्नाआधी छोटे कोलाचे घरोघर वाटण्याची रीत मोराव्हियात आजही पाळली जाते. चर्चच्या वार्षिक उत्सवाला तर त्यांच्याशिवाय शोभा नसे. हे उत्सव गावोगावी वेगवेगळ्या दिवशी भरत आणि कामाचे दिवस बुडत, म्हणून योसेफनेच त्यांच्यासाठी ऑक्टोबरमधला तिसरा रविवार नेमून दिला. गावांनी तो 'सम्राटाचा उत्सव' म्हणून स्वीकारला आणि आपला जुना उत्सवही बऱ्याच ठिकाणी चालू ठेवला.

प्रदेशागणिक कोलाच बदलतो. पूर्व मोराव्हियातल्या वालाश्स्को भागाचा 'फ्रगाल' पातळ आणि थाळीएवढा मोठा असतो. त्यावर बहुधा वाळवलेल्या नाशपातीचे सारण पसरतात. २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्याला भौगोलिक मानांकन दिले. नाताळात विणलेली 'व्हानोच्का' आणि ईस्टरला गोल 'माझानेत्स' भाजतात. या पाककृती आईकडून मुलीकडे तोंडीच जात. १८२६ मध्ये मगदालेना दोब्रोमिला रेत्तिगोवा हिचे चेक भाषेतले पाकपुस्तक निघाले, आणि जर्मनच्या वर्चस्वाखाली दबलेल्या चेक भाषेला सुशिक्षित घरांच्या स्वयंपाकघरात मान मिळाला.

१८४८ मध्ये वेठबिगार संपली, पण जमिनीच्या लहान तुकड्यांवर पोट भरेना. टेक्सासमध्ये गेलेल्या योसेफ अर्नोश्त बेर्गमन या धर्मोपदेशकाची पत्रे मायदेशी वाचली गेली आणि योसेफ लेशिकर याच्या पुढाकाराने १८५१ मध्ये पहिला गट निघाला. लिव्हरपूलमार्गे झालेल्या त्या प्रवासात सुमारे निम्मी माणसे दगावली. तरी लोक जातच राहिले. फ्रेन्श्टाट आणि लिख्नोव्ह परिसरातली अनेक मोराव्हियन कुटुंबे ब्रेमेन बंदरातून गॅल्व्हस्टनला उतरली आणि कापसाच्या शेतीत स्थिरावली. आयोवा आणि नेब्रास्कातही मोठ्या वसाहती झाल्या.

इथे कुळशोधाचा धागा तुटतो. हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० पासून शिल्लक आहेत आणि त्यांत प्रवाशाचे मूळ ठिकाणही मिळते. ब्रेमेनच्या याद्या मात्र जागेअभावी नष्ट केल्या गेल्या आणि उरलेल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. अमेरिकी जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसते 'ऑस्ट्रिया' किंवा 'बोहेमिया' लिहिलेले असते. अशा वेळी टेक्सासमधली चेक दफनभूमी कामी येते, कारण तिथल्या जुन्या थडग्यांवर पुष्कळदा जन्मगाव चेकमध्ये कोरलेले असते. गावाचे नाव हाती आले की त्रेबोन, ब्रनो इत्यादी अभिलेखागारांनी आंतरजालावर ठेवलेल्या मात्रिकी घरबसल्या उघडता येतात. जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनंतरच खुल्या होतात.

आजीच्या पाककृतीला या शोधात साक्षीदाराचे स्थान आहे, पुराव्याचे नाही. नाशपातीच्या सारणाची आठवण वालाश्स्कोकडे बोट दाखवू शकते, पण गाव ठरवू शकत नाही. कारण परदेशात पदार्थही बदलले. टेक्सासचा कोलाच जाड, चौकोनी झाला. सॉसेज भरलेला 'क्लोबास्निक' तर अनेक घरांत पणजीचा वारसा म्हणून सांगितला जातो. तो मोराव्हियातून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या गावातल्या बेकरीत तो जन्मला.