निकोटीन-अवलंबित्व : आनुवंशिक घटक
तंबाखूतील निकोटिनाचे व्यसन जडण्याचा धोका कमी-अधिक करणारे जनुकीय भेद. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार या प्रवणतेतील सुमारे निम्मा फरक आनुवंशिक असतो (पहा : आनुवंशिकता, जुळी). २००८ मध्ये १५व्या गुणसूत्रावरील निकोटिनी ग्राहींच्या जनुकसमूहाशी तिचा संबंध दिसला. त्यातील सीएचआरएनए५ जनुकाच्या एका प्रकारात प्रथिनाच्या ३९८व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी ॲस्परजीन येते व ग्राहीचा प्रतिसाद मंदावतो. हे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांत निकोटिनाच्या मोठ्या मात्रेची नावड घटते. यकृतातील सीवायपी२ए६ हे विकर निकोटिनाचे कोटिनीन बनवते (पहा : विकरे). ते मंद असलेल्यांच्या रक्तात निकोटीन जास्त वेळ टिकते, म्हणून ते सहसा कमी सिगारेटी ओढतात. या विकराच्या जनुकाचे असे मंद प्रकार पूर्व आशियात अधिक आढळतात. एकट्या जनुकावरून व्यक्तीचे भाकीत करू नये, तंबाखू हाती येण्याचे वय आणि घरातील वापर यांचाही प्रभाव मोठा असतो (पहा : तंबाखू, व्यसन).