पुरुषाच्या वाट्याचे काम

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. समोर बसलेल्या हजारो स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, की लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि पतीची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हा. परंतु मुले किती असावीत हे ठरवणे त्या काळी एकट्या स्त्रीच्या हाती होते काय?

बाबासाहेबांना या प्रश्नाची जाणीव होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत असा ठराव मांडला होता. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलांना कोणी तयार झाला नसता, असा युक्तिवाद त्या वेळी केला गेला. ठराव फेटाळला गेला. त्याआधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले होते. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. आज नवल वाटेल, पण १९६० नंतरच्या दशकात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत पुरुषच अधिक असत. त्याचे कारण शरीररचनेत आहे. स्त्रीच्या बीजवाहिन्या उदरपोकळीत असतात. तेथवर पोचण्यासाठी पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या मात्र त्वचेच्या लगतच असतात. तेवढा भाग बधिर करून काही मिनिटांत काम होते. चीनमध्ये १९७४ साली विकसित झालेल्या बिनटाका पद्धतीने ते आणखी सोपे झाले.

मग पुरुष मागे का हटले? १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. अनेकांवर सक्ती झाली. कित्येक ठिकाणी शिक्षकांनाही 'केसेस' आणण्याचे लक्ष्य दिले गेले. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. पुढच्याच वर्षी पुरुषांच्या शस्त्रक्रिया दोन लाखांच्याही खाली आल्या. तंत्र तेच होते. विश्वास उडाला होता.

तो आजही पुरता परतलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दर हजार विवाहित स्त्रियांपैकी ३७९ जणींनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पतीने करून घेतली अशा होत्या अवघ्या तीन.

नसबंदीने कमजोरी येते, पौरुष जाते, ही भीती अजून ऐकू येते. तिचे उत्तर दहावीच्या जीवशास्त्रात आहे. वृषणाची कामे दोन : शुक्रपेशी तयार करणे आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवणे. शुक्रपेशी शुक्रवाहिनीतून जातात. संप्रेरक थेट रक्तात मिसळते. वाहिनी बंद केली तरी रक्ताचा मार्ग खुलाच राहतो. साहजिकच दाढीमिशा, ताकद, कामेच्छा यांत फरक पडत नाही. मात्र परिणाम लगेच मिळत नाही. सुमारे तीन महिने निरोध वापरावा लागतो, आणि वीर्यतपासणीत शुक्रपेशी नाहीत असे दिसल्यावरच निर्धास्त व्हायचे असते.

प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून देण्याची आपली जुनी सवय आहे. आकृतीत या दोन वाटा निरनिराळ्या रंगांनी काढून दाखवायला दहा मिनिटे पुरतात. एकेकाळी शिक्षकाला केसेस आणायला सांगितले गेले. आता कोणाला कोठे न्यायचे नाही. समजावून सांगायचे आहे, आणि ते मुलींइतकेच मुलांनाही. निर्णय ती मुले मोठेपणी, आपल्या जोडीदाराशी बोलून, स्वतः घेतील.