घरगुती वाय-फायचा प्रत्यक्ष वेग व पल्ला

घरगुती वाय-फायचा प्रत्यक्ष वेग म्हणजे राउटर आणि मोबाइल, संगणक आदी उपकरणे यांच्यामध्ये वापरकर्त्याला खरोखर मिळणारा माहितीवहनाचा दर होय. राउटरच्या खोक्यावर छापलेला आकडा आदर्श स्थितीतील सैद्धांतिक दर दर्शवतो. प्रत्यक्ष वेग बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. ज्या अंतरापर्यंत उपयुक्त वेगाने जोडणी टिकते, त्या अंतरास पल्ला म्हणतात.

छापील व प्रत्यक्ष वेग

वाय-फायची मानके ‘८०२.११’ या मालिकेत येतात. १९९७ च्या मूळ मानकाचा कमाल दर २ मेगाबिट प्रतिसेकंद होता. १९९९ च्या ‘बी’ मानकात तो ११, २००३ च्या ‘जी’ मध्ये ५४ आणि २००९ च्या ‘एन’ मध्ये ६०० झाला. ‘जी’ मानकावर प्रत्यक्षात २० ते २५ मेगाबिटच मिळत. एका वाहिनीवर एका वेळी एकच उपकरण संदेश पाठवू शकते, तसेच प्रत्येक संदेशाची पोच द्यावी लागते. यात बराच वेळ खर्ची पडतो. जोडलेली सर्व उपकरणे हाच वेळ वाटून घेतात.

‘एसी १२००’ या नावातील आकडा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील ३०० व ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील ८६७ यांच्या बेरजेतून आलेला आहे. मोबाइल सामान्यतः एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असल्याने त्याला ही बेरीज मिळत नाही. राउटरचे तारेचे पोर्ट १०० मेगाबिटचे असल्यास बाहेरून येणारा वेग त्याहून अधिक होऊ शकत नाही. शिवाय ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात.

पल्ला

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संकेताची शक्ती एक चतुर्थांश उरते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने अधिक दूर जातात. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक, पण पल्ला कमी असतो. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, धातूचे पत्रे व पाणी हे मोठे अडथळे होत. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा परवानामुक्त वापर २००५ मध्ये खुला झाला, तर ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले.

वनप्रदेशातील स्थिती

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यासारख्या वनव्याप्त भागात ओली पाने व दाट झाडी या लहरी शोषून घेतात. त्यामुळे घराबाहेरचा पल्ला घटतो. शेजारच्या राउटरांचा व्यत्यय मात्र विरळ वस्तीत शहरापेक्षा कमी असतो. अशा भागात अनेकदा खरी मर्यादा वाय-फायची नसून गावापर्यंत येणाऱ्या जोडणीची असते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणारी ‘भारतनेट’ योजना याच टप्प्यासाठी आहे. बाहेरून १० मेगाबिटच येत असतील, तर महागडा राउटर घेऊनही विद्यार्थ्याचा ऑनलाइन वर्ग वा परीक्षेचा अर्ज १० मेगाबिटांवरच चालतो.

पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने दूरचित्रवाणीच्या यूएचएफ पट्ट्यातील रिकाम्या लहरींवरून गावांपर्यंत जोडणी नेण्याचा प्रयोग केला. कमी वारंवारतेच्या या लहरी झाडीतून अधिक दूर पोहोचतात. गावात पोहोचल्यावर पुढचे वाटप वाय-फायने होते.

मोजमाप व सुधारणा

वेग प्रथम राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर मोजावा, नंतर राउटरजवळ व दूरच्या खोलीत वाय-फायवर. तारेवरही वेग कमी असल्यास दोष बहुधा बाहेरील जोडणीत असतो. केवळ दूरच्या खोलीत कमी असल्यास तो पल्ल्याचा प्रश्न ठरतो. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवल्याने पल्ला सुधारतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींवर येत नाहीत. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर प्रत्येक संदेश दोनदा पाठवतो. त्यामुळे पल्ला वाढला तरी वेग सुमारे निम्मा होतो. दूरच्या खोलीपर्यंत तार ओढून तेथे दुसरा राउटर बसवल्यास ही घट टळते.